लिंबू-पुदिना सोडा घरी: फेस टिकवायचा कसा?

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी, चैत्रागौरीचं हळदीकुंकू आहे आमच्याकडे, सोसायटीतल्या आणि नात्यातल्या मिळून तीसेक बायका येतील, शिवाय त्यांच्यामागे पोरंटोरं. आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे हे सगळं आहेच, ते कुठे जात नाही. पण नाशकात यंदा ऊन असलं चढलंय की मला एक फसफसणारं, थंडगार असं काहीतरी घरी करायचंय. लिंबू, पुदिना, जमलं तर गवती चहा किंवा तुळस असं काही. बाजारातलं ते पोपटी रंगाचं मॉइतो सिरप अजिबात नको, त्याला पुदिन्यापेक्षा टूथपेस्टची चव जास्त असते असं माझं स्पष्ट मत आहे.

नेहमी करतात तसं लिंबाचा रस, साखर, पुदिना मिक्सरमधून काढायचा आणि जगमधे सोडा ओतून ढवळायचं असं केलं तर पहिल्या दोन ग्लासांत मजा येते आणि जगच्या तळाशी पोचेपर्यंत नुसतं गोड पाणी उरतं. पुदिना काळा पडतो ते वेगळंच. तर प्रश्न असे:
गॅस टिकवायचा कसा? पुदिन्याचा वास राहून रंग कसा सांभाळायचा? आणि विकतचा सोडा न आणता घरीच बुडबुडे आणता येतात का, खायचा सोडा, यीस्ट, मशीन काहीही? ज्यांनी केलंय त्यांनी सविस्तर लिहा, घाई नाही, अजून आठवडा आहे.

निमूट:
सोडा सगळ्यात शेवटी. ढवळू नका.

पोटोबा:
चैत्रागौरीला सोडा?? गौरी झोपाळ्यावरून खाली उतरून बघायला येईल हे काय चाललंय म्हणून :)
गंमत सोडा (हा 'सोडा' वेगळा), पण पन्ह्याचाच सोडा का करत नाही? उकडलेल्या कैरीचा गर, गूळ, वेलची, मीठ असा घट्ट गोळा तयार ठेवायचा आणि वरून गार सोडा. आमच्याकडे पोरं साधं पन्हं बघून नाक मुरडतात आणि हे दोन-दोन ग्लास ओढतात.

देवगडी:
पोटोबा, पन्ह्यात सोडा हा अत्याचार आहे. पन्हं हे पन्हं आहे. त्याला केशर वेलची पुरे.

पोटोबा:
एकदा पिऊन बघा मग बोला.

रसायनी:
गोदाकाठ, मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते त्यामुळे हा धागा बघून हात शिवशिवले. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

बुडबुडे म्हणजे पाण्यात दाबाखाली कोंबलेला कार्बन डायऑक्साइड. बाटली उघडली की दाब जातो, आणि वायू बाहेर यायला लागतो. तो किती घाईने बाहेर येणार हे मुख्यतः दोन गोष्टींवर. पहिली म्हणजे तापमान. पाणी जितकं थंड तितका जास्त वायू त्यात मावतो, ५ अंशाला जेवढा मावतो त्याच्या निम्म्याहूनही कमी ३० अंशाला मावतो. म्हणजे फ्रीजबाहेर टेबलावर ठेवलेली बाटली उघडलीत की अर्धी लढाई तिथेच हरलात. नुसता सोडा गार असून भागत नाही, ग्लास, लिंबाचा रस, साखरेचं पाणी हे सगळंच गार हवं. कोमट पाकावर गार सोडा ओतला की तो उसळून वायू टाकून देतो.

दुसरी गोष्ट, खरखरीत कण. बुडबुडा तयार व्हायला त्याला कुठेतरी पाय रोवायला जागा लागते. साखरेचा न विरघळलेला दाणा, मिठाचा कण, लिंबाचा गर, वाटलेल्या पुदिन्याचा चोथा, या सगळ्या त्याच्या जागा. म्हणून सोड्यात वरून काळं मीठ टाकलं की फस्सकन वर येतं. तुमच्या पद्धतीत मिक्सरमधलं मिश्रण म्हणजे अशा लाखो जागा आणि वर पुन्हा ढवळणं. त्यामुळे साखर आणि मीठ आधीच पूर्ण विरघळवायचं, सगळं बारीक गाळणीतून किंवा मलमलीच्या फडक्यातून गाळायचं, आणि सोडा तिरक्या धरलेल्या ग्लासच्या कडेने हळू सोडायचा. जगमधे कधीही नाही. एकेक ग्लास त्या-त्या वेळी.

निमूट यांनी तीन शब्दांत जे लिहिलंय ते हेच :)

निमूट:
पाच शब्द होते.

जुनाखोडकर:
रसायनी ताई, शास्त्र तुमचं बरोबर असेल पण गाडीवरचा सोडा कधी कडेने हळू सोडलेला बघितलाय का कोणी? आमच्या सांगलीत उन्हाळ्यात रात्री जेवणं झाली की सगळी गल्ली सोड्याच्या गाडीवर. तो माणूस ग्लासात आधी लिंबू पिळणार, मीठ टाकणार, मग बाटली वरून अशी दणक्यात ओतणार की फेस ग्लासाच्या बाहेर आणि तुम्ही पटकन तोंड लावलं नाही तर शर्टवर. ती मजा कडेने सोडून येत नाही. फेस हीच तर मजा आहे.

आणि गोटी सोड्याची बाटली ज्यांनी हाताळली नाही त्यांच्यासाठी सांगतो. ती बाटली हायरम कॉड नावाच्या इंग्रज इंजिनिअरने काढली, १८७२ सालचं पेटंट आहे. बूच नाही, झाकण नाही, आत एक काचेची गोटी आणि तोंडाशी रबराची चकती. बाटली उलटी धरून भरायची, सरळ केली की आतल्या गॅसनेच गोटी वर दाबली जाते आणि तोंड बंद. जितका गॅस जास्त तितकं झाकण घट्ट! फोडताना लाकडी ठोकळ्याने किंवा अंगठ्याने गोटी आत ढकलायची, तो आवाज झाला की अर्धी तहान तिथेच भागायची. मानेला जी चिमटा काढल्यासारखी खाच असते ती उगीच नाही, ओतताना गोटी तिथे अडकून राहते, नाहीतर परत तोंडाशी येऊन बसली असती. इंग्लंडमधून ही बाटली कधीच गेली, आपल्याकडे आणि जपानात मात्र टिकली. तिकडे रामुने नावाने मिळते, नातीने आणून दाखवली मला.

खानदेशकन्या:
काका, शर्टवर फेस पडला तर चालतो, हळदीकुंकवाला पैठणीवर पडला तर गोदाकाठला सोसायटी सोडावी लागेल :D

रसायनी:
जुनाखोडकर काका, फेस म्हणजे निघून गेलेला वायू. ग्लासबाहेर दिसला तो जिभेवर येणार नाही. पण एक मान्य, गाडीवाल्याचा सोडा बर्फात बुडालेला असतो आणि त्यात गॅसही दाबून भरलेला असतो म्हणून त्याला ती उधळपट्टी परवडते. आणि ग्लास लहान असतो, दोन घोटांत संपतो. आपण घरी तीन-चतुर्थांश तास गप्पा मारत पिणार.

जुनाखोडकर:
हे पटलं. उभ्याने प्यायचं पेय आहे ते.

खानदेशकन्या:
आता पुदिन्याचं सांगते कारण आमच्या जळगावात ४४-४५ ला पोचतं आणि एप्रिल मे मधे आमच्या घरात पाण्यापेक्षा सरबत जास्त प्यायलं जातं.

पुदिना मिक्सरमधे घालू नका, अगदी नाही. पातं फिरलं की पान चिरडतं, हवा लागते, काळं पडतं आणि कडूसर हिरवी चव उतरते. मी करते ते असं: साखर आणि पाणी समान घेऊन पाक नाही फक्त विरघळेपर्यंत गरम करायचं, तार वगैरे काही बघायची नाही. गॅस बंद. हात लावता येईल इतकं कोमट होऊ द्यायचं आणि मग पुदिन्याच्या काड्या देठासकट तळहातात घेऊन एक टाळी वाजवायची, जोरात नाही, वास सुटेल इतपत, आणि त्या पाण्यात बुडवून झाकून ठेवायच्या. वीस मिनिटं, फार तर अर्धा तास. मग काढून टाकायच्या. जास्त ठेवल्या तर वाळलेल्या गवतासारखा वास येतो. पाणी हिरवं दिसणार नाही, अगदी फिकट पिवळसर दिसेल, घाबरू नका, वास सगळा आत आहे. हिरवेपणासाठी वाढताना ग्लासात एक ताजी काडी उभी करायची.

गवती चहाचं उलट आहे. तो चिवट, त्याला उकळी लागते. खालचा पांढरा जाड भाग ठेचून साखरेच्या पाण्याबरोबरच पाच मिनिटं उकळायचा. आलंही त्याच वेळी. तुळस घालणार असाल तर पुदिन्यासारखी, कोमट पाण्यात आणि अगदी थोडी, कृष्णतुळस लवंगेसारखी तिखट होते आणि सगळ्यावर चढून बसते.

सांजवात:
खानदेशकन्या +१. गवती चहा आणि लिंबू ही जोडी पुदिन्यापेक्षाही सरस असं माझं मत.

वऱ्हाडी_ठसका:
लिंबू लिंबू काय लावलंय बाप्पा, संत्र्याचं नाव कोणीच घेत नाहीये! मृग बहाराची संत्री फेब्रुवारी मार्चात असते आमच्याकडे, चैत्रापर्यंत थोडी राहते. त्याचा रस, थोडं लिंबू, गवती चहा आणि सोडा. नागपुरी संत्र्याला काहून विसरता?

खानदेशकन्या:
विसरलो नाही हो भाऊ, पण संत्र्याचा रस पातळ आणि आंबट कमी, सोड्यात घातला की चव कुठे जाते कळत नाही. त्यापेक्षा संत्र्याची साल वापरा. सगळं सुगंधी तेल सालीत असतं.

सांजवात:
हो हो, सालीबद्दल मी लिहिणारच होते. लिंबू पिळायच्या आधी सालीचा वरचा फक्त पिवळा-हिरवा थर किसणीने अलगद काढायचा, पांढऱ्याला हात लावायचा नाही, तो कडू. ही कीस साखरेत घालून बोटांनी चोळायची. साखर ओलसर होते, वास घरभर. तशीच झाकून दोन-तीन तास. मग त्याच साखरेचं पाणी करायचं आणि गाळायचं. नुसत्या रसाने जो आंबटपणा येतो त्याला लिंबाचा खरा वास या तेलाने येतो. गाडीवर लिंबू सालीसकट पिळतात ना, तो वास त्या पिळण्यातूनच येतो, घरी आपण लाकडी रसयंत्रात नाहीतर चिमट्यात पिळतो आणि साली टाकून देतो.

ईडलिंबू मिळालं तर त्याची साल नक्की वापरा, जाड आणि फार सुगंधी असते.

रसायनी:
याला जोडून कडवटपणाचं कारण. लिंबाचा रस ताजा असताना कडू नसतो पण काढून ठेवला की काही तासांनी कडवट लागायला लागतो. फळाच्या गरात आणि बियांत एक बिनकडू पदार्थ असतो, रसातल्या आम्लामुळे त्याचं हळूहळू लिमोनिन होतं आणि ते कडू. त्यामुळे बिया आणि गर लगेच गाळायचा आणि रस त्याच दिवशी काढायचा. साखरेचं पाणी आदल्या दिवशी केलं तर चालेल, रस नाही. आणि शेवटचा थेंब निघेपर्यंत पिरगाळू नका.

गोदाकाठ:
अरे वा, किती छान माहिती! म्हणजे साखरेचं पाणी आदल्या दिवशी, रस सकाळी, सोडा ग्लासात. पण खायच्या सोड्याचं कोणीच बोललं नाही. माझ्या सासूबाई म्हणतात की लहानपणी त्या लिंबाच्या पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकायच्या आणि छान फसफसायचं. आदल्या पिढीत सगळ्यांनी केलंय ना हे?

पोटोबा:
केलंय! झटकन प्यायचं आणि मग ढेकर कोणाची मोठी ही स्पर्धा.

रसायनी:
चिमूटभराला हरकत नाही, ती मुलांसाठी गंमत आहे. पण त्यावर पेय उभं राहत नाही, हिशोब करून दाखवते. पाव चमचा खायचा सोडा म्हणजे साधारण सव्वा ग्रॅम. तो पूर्ण वापरला जायला एका लहान कागदी लिंबाचा जवळजवळ सगळा रस खर्ची पडतो. म्हणजे तुम्ही आंबटपणासाठी पिळलेलं लिंबू सोड्याने खाऊन टाकलं आणि मागे उरलं सोडियम सायट्रेट, खारट बुळबुळीत चवीचं. वायू बराच निघतो पण उघड्या ग्लासात, दाब नसल्यामुळे तो पाण्यात राहतच नाही, अर्ध्या मिनिटात पसार. शिवाय या पाव चमच्यात ३०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम येतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात २ ग्रॅमच्या आत सोडियम सांगते. हळदीकुंकवाला येणाऱ्यांत बीपीवाल्या असणारच, त्यांना नकळत हे पाजू नका.

देवगडी:
बरोबर. आमच्याकडे खायचा सोडा फक्त भज्यात.

म्युनिककर:
इथे जर्मनीत येऊन राहिल्यावर कळलं की सोडा ही रोज प्यायची गोष्ट असू शकते. इथली माणसं तहान लागली की बुडबुड्यांचंच पाणी पितात, दुकानात कमी गॅस, मध्यम गॅस, पूर्ण गॅस असे क्रेट असतात. आणि सफरचंदाचा रस त्यात अर्धा-अर्धा करून सगळीकडे मिळतो. मे-जूनमधे होलुंडर नावाच्या झुडपाला पांढऱ्या फुलांचे झुबके येतात, बायका ते तोडून साखरेच्या पाण्यात लिंबाच्या चकत्या आणि सायट्रिक आम्ल घालून एक-दोन दिवस भिजवतात, गाळतात, बाटल्या भरतात आणि वर्षभर सोड्यात घालून पितात. म्हणजे बघा, खानदेशकन्येने जी पद्धत सांगितली तीच.

मशीनबद्दल: माझ्याकडे सिलिंडरवालं आहे. त्यात फक्त साधं गार पाणी भरायचं. लिंबूपाणी भरून बटण दाबलं तर ते फेस होऊन वर येतं आणि मशीनच्या नोझलमधे साखर जाऊन बसते. पाण्याला गॅस, मग ग्लासात सिरप. हा क्रम कधीही बदलायचा नाही. पाणी फ्रीजमधलं हवं, नळाच्या पाण्यात गॅस नीट मुरत नाही. दुसरा प्रकार म्हणजे सायफन, जाड बाटली आणि त्यात ८ ग्रॅमची लहान नळकांडी. एका लिटरला एक नळकांडी पुरते. फक्त विकत घेताना कार्बन डायऑक्साइडचीच बघून घ्या, क्रीम फेटायची नळकांडी अगदी तशीच दिसतात, त्यात दुसरा वायू असतो.

एका हळदीकुंकवासाठी मशीन घेऊ नका हे माझं प्रामाणिक मत. घरात रोज पिणारे असतील तर मात्र पैसे वसूल.

सांजवात:
आता माझा आवडता विषय. विकतचा सोडा नको, मशीन नको, तरी बुडबुडे हवेत तर आल्याचं विरजण लावा. मी बदलापूरला राहते, इथल्या दमट उन्हाळ्यात हे फार झकास होतं.

काचेच्या बरणीत दोन कप पाणी (उकळून गार केलेलं, नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं ते नको), दोन चमचे सालीसकट किसलेलं आलं, दोन चमचे साखर. वर फडकं बांधायचं. रोज एकेक चमचा आलं आणि साखर घालून ढवळायचं. आल्याच्या सालीवर नैसर्गिक यीस्ट असतं ते साखर खाऊन वायू सोडतं. थंडीत आठवडा लागतो, उन्हाळ्यात तीन-चार दिवसांत वर बुडबुड्यांचा थर दिसतो आणि वास आंबूस-गोड येतो. बुरशी धरली किंवा वास बिघडला तर सरळ फेकायचं, वरचं काढून वापरायचं नाही.

मग गवती चहा उकळलेलं साखरपाणी पूर्ण गार करायचं, लिटरला साधारण ८० ग्रॅम साखर, त्यात अर्धा कप हे विरजण गाळून आणि एका लिंबाचा रस, आणि बाटलीत भरून घट्ट झाकण. बाटली सोड्याचीच प्लास्टिकची घ्या, ती दाब सहन करायलाच बनवलेली असते, वर चार बोटं जागा सोडा. दाबून बघायची. मऊ आहे म्हणजे व्हायचंय, दगडासारखी कडक झाली की लगेच फ्रीजमधे. एप्रिलच्या उकाड्यात हे एका दिवसात होतं, त्यामुळे भरून गावाला जायचं नाही. साधी काचेची बाटली कधीही नाही, दाबाने फुटते आणि काचा उडतात, हे मी कळकळीने सांगते.

चव विकतच्या सोड्यापेक्षा वेगळी. बुडबुडे बारीक असतात आणि आल्याची एक मंद झणक मागे राहते.

पोटोबा:
सांजवात, यीस्ट साखर खाऊन वायू सोडतं म्हणता, आणि दुसरं काय सोडतं ते सांगा की ;)

सांजवात:
सांगते, त्यात लपवण्यासारखं काही नाही. थोडं अल्कोहोल होतंच. एका दिवसात फ्रीजमधे टाकलं तर अगदी कमी, बाहेर दिवसेंदिवस ठेवलं तर वाढत जातं. म्हणून लहान मुलं आणि गरोदर बाया असतील तिथे, किंवा ज्यांना हे चालत नाही त्यांना मी हे देत नाही, आणि देताना आधी सांगते. गोदाकाठच्या कार्यक्रमाला हे नको असंच मी म्हणेन. घरच्यांसाठी करा.

पोटोबा:
हळदीकुंकू रंगात आलं असतं हो पण.

मडगावचो:
पोटोबाबाब, त्यासाठी गोव्यात या. मार्च ते मे उर्राकाचा सीझन. काजूच्या बोंडाच्या रसाचं पहिलं ऊर्ध्वपातन म्हणजे उर्राक, फेणीपेक्षा सौम्य. त्यात लिंबू, सोडा किंवा लिंबाचं कोल्ड्रिंक, मीठ आणि एक हिरवी मिरची उभी चिरून. दुपारी खाडीच्या वाऱ्यावर बसायचं.

पण यातलं गोदाकाठताईंनी उचलण्यासारखं म्हणजे ती मिरची. उर्राक वगळून नुसत्या लिंबू सोड्यात बिया काढलेली अर्धी मिरची घालून बघा. तिखट होत नाही, एक हिरवा वास येतो आणि बुडबुड्याबरोबर घशात चुरचुर होते. आमच्याकडे कुठल्याही लहान हॉटेलात लिंबू सोडा मागितला की पहिला प्रश्न, गोड की खारा. मी नेहमी दोन्ही मिळून सांगतो.

देवगडी:
मडगावचो, मिरचीला पूर्ण अनुमोदन. आणि कोकम विसरू नका. आमसुलाचं नाही, साखरेत मुरवलेल्या ताज्या रतांब्यांचं अमृत कोकम. रतांबे पिकायला एप्रिल-मे उजाडतो पण गेल्या वर्षीची बाटली घरात असतेच. एक भाग कोकम, चार भाग सोडा, जिऱ्याची पूड. लिंबू लागतच नाही.

निमूट:
धागा लिंबाचा आहे.

देवगडी:
कोकणी माणूस आहे, कोकम येणारच.

जुनाखोडकर:
कोल्ड्रिंकवरून आठवलं, पुण्यात कॅम्पात पारशी आर्देशीर यांचा सोड्याचा कारखाना १८८४ पासूनचा. त्यांचा रासबेरी सोडा लाल भडक, आणि जिंजर. लग्नात पारशी मित्राकडे गेलो की पहिलं लक्ष त्या बाटलीकडे. आमच्या पिढीला शीतपेय म्हणजे प्रत्येक गावाचं वेगळं असायचं, स्थानिक कारखाना, स्थानिक चव, बाटली परत द्यायची. आता तसे थोडेच उरलेत. मिळाले तर घ्या असं मी सगळ्यांना सांगतो.

गोदाकाठ:
सगळ्यांचे खूप आभार, हे सगळं वाचून माझा आराखडा ठरतोय. सासूबाईंना खायच्या सोड्याचा हिशोब वाचून दाखवला, त्या म्हणाल्या "तरीच तो खारट लागायचा". विकतचा साधा सोडाच आणते. आता फक्त प्रमाण सांगा कोणीतरी. ३० ग्लास धरा, साधारण २०० मिलीचे. आणि सध्या लिंबं महाग आहेत हो, आणि सुपारीएवढी.

खानदेशकन्या:
एप्रिलात लिंबाचं हे दरवर्षीचं आहे. २०२२ ला आठवतंय का, एकेक लिंबू दहा रुपयांच्या वर गेलं होतं.

घ्या हिशोब. एका ग्लासला १५ मिली रस धरा म्हणजे ३० ग्लासांना ४५० मिली. लिंबं रसाळ असतील तर तीस, सुपारीएवढी असतील तर पंचेचाळीस-पन्नास. पातळ सालीची, दाबल्यावर मऊ लागणारी निवडून घ्या. पिळायच्या आधी ओट्यावर तळहाताने दाबून फिरवा. साखर अर्धा किलो, पाणी अर्धा लिटर, त्याचं साधारण ८०० मिली साखरपाणी होतं. पाच-सहा काड्या गवती चहा त्यात उकळून, दोन मोठ्या जुड्या पुदिना कोमट झाल्यावर. मीठ दोन सपाट चमचे, त्यातला एक सैंधव, यातच विरघळवून. सकाळी रस मिसळला की सव्वा लिटर सिरप तयार. ग्लासला ४० मिली म्हणजे चहाचे आठ चमचे, त्यापेक्षा औषधाचं मापाचं टोपण किंवा लहान वाटी ठरवून घ्या. वर १५० मिली सोडा. म्हणजे सोडा साडेचार लिटर, ७५० च्या सहा बाटल्या, एक जास्तीची आणा.

रसायनी:
उत्तम हिशोब. दोन सूचना. सोड्याच्या बाटल्या आदल्या रात्रीच फ्रीजमधे आणि एका वेळी एकच उघडायची, ती संपली की दुसरी. आणि बर्फ ग्लासात आधी, मग सिरप, मग सोडा. बर्फ नंतर टाकला की उसळतो. चमचा तळाशी घालून एकदाच अलगद वर उचला, गोल फिरवू नका. सोडा जड सिरपवर पडतो तेव्हा बरंचसं आपोआप मिसळतं.

वऱ्हाडी_ठसका:
सब्जा घातला तर?

रसायनी:
छान लागेल, पण भिजवून फुगलेला, आणि वाढताना एक चमचाच. सुका सब्जा सोड्यात टाकला तर त्याच्यावर बुडबुडे चिकटतात, फेस होतो आणि तो धड भिजतही नाही.

म्युनिककर:
गोदाकाठ, एक सुचवू? तुम्ही स्वतः तीस ग्लास करत बसू नका. टेबलावर सिरपचा जग बर्फात, शेजारी मापाची वाटी, बर्फ, पुदिन्याच्या काड्या, मिरची, सब्जा वेगवेगळ्या वाट्यांत, आणि एका हुशार भाचीला सोड्याच्या बाटलीवर बसवा. ज्याला गोड कमी हवं त्याने कमी घ्यावं, डायबेटिसवाल्या काकूंना नुसतं लिंबू-मीठ-सोडा.

खानदेशकन्या:
हे एकदम बेस्ट. काकूंसाठी बिनसाखरेच्या रसाची एक वाटी वेगळी काढून ठेवा मात्र.

पोटोबा:
भाची नसेल तर मी येतो. पन्ह्याची वाटीही ठेवा तिथे.

गोदाकाठ:
काल पार पडलं हळदीकुंकू! थोडक्यात वृत्तांत देते.

गवती चहा आणि पुदिना दोन्ही घातलं, साल साखरेत चोळून. सिरप आदल्या रात्री, रस सकाळी. पुतणीला सोड्यावर बसवलं आणि तिने तो कारभार इतका मनावर घेतला की कोणाला बाटलीला हात लावू दिला नाही. शेवटच्या ग्लासपर्यंत गॅस होता, अगदी शेवटच्या, कारण प्रत्येक ग्लास ताजा. मिरचीची वाटी सगळ्यात आधी संपली! सासूबाईंनी दोनदा घेतलं, दोन्ही वेळा खारा. आणि पोटोबा, तुमचं पन्हं-सोडा मुलांसाठी वेगळं केलं होतं, देवगडी यांची क्षमा मागून सांगते, तेही पूर्ण संपलं.

एक प्रश्न उरलाय. दोन-अडीच वाट्या सिरप शिल्लक आहे, रस घातलेलं. किती दिवस टिकेल?

पोटोबा:
देवगडी, वाचताय ना?

देवगडी:
मुलांचं काय, मुलं काहीही पितात.

रसायनी:
फ्रीजमधे ठेवलंत तर दोन दिवसांत संपवा, नंतर तो कडवटपणा चढायला लागेल. त्यापेक्षा आजच बर्फाच्या ट्रेमधे ओतून डीप फ्रीजमधे टाका. साखरेमुळे दगडासारखं कडक होणार नाही, मऊसर राहील, ते चालतं. ग्लासात तीन खडे, वरून सोडा, वेगळा बर्फ घालायची गरज नाही.

खानदेशकन्या:
आणि ट्रे झाकून ठेवा, नाहीतर फ्रीजरमधल्या मटारचा वास लागतो.

वऱ्हाडी_ठसका:
वाचनखूण साठवली. पुढच्या मृग बहाराला संत्र्याच्या सालीचं करून फोटो टाकतो.